बाओकाकांचा सहावा मजला

१५ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी लिहायची. शाळा मी आठवीत सोडली. खरं म्हणजे शाळेनेच आम्हाला सोडलं. मुलं आईबापांबरोबर परदेशी गेली, मास्तर शहरात गेले, इमारतीला कुलूप लागलं. पण शुद्धलेखनात श्यात्सुओ गावात माझा हात धरणारा कोणी नाही. (धरायला माणसंही फारशी उरलेली नाहीत, पण तो मुद्दा वेगळा.)

घरात आई आणि मी. वडील गेल्यापासून कर्ता पुरुष मीच. धंदा शेवयांचा. हाताने ओढलेल्या, केसाइतक्या बारीक, माणसापेक्षा लांब. वाढदिवस असो, बाळंतपण असो, कोणी परदेशी निघालेला असो की परतलेला, शेवया आणि दोन उकडलेली अंडी पुढे ठेवल्याशिवाय आमच्याकडे शुभ म्हणत नाहीत. आयुष्य शेवयांसारखं लांबावं म्हणून. त्या वाळवायला लागतं ऊन आणि हिवाळ्यातला उत्तरेचा कोरडा वारा. दोन्ही फुकट, आणि दोन्ही आमच्या अंगणात. म्हणजे काळजीचं काही कारण नाही.

तरी मला काळजी वाटते. ती सोडायची, हा पहिला संकल्प.

१९ ऑक्टोबर
बाओकाका अर्जेंटिनाहून आले. तिकडे त्यांची मोठमोठी दुकानं आहेत. आमच्या अंगणाच्या दक्षिणेला त्यांचा बंगला चढतो आहे, चार मजले झाले. सगळं गाव वेंग आडनावाचं, त्यामुळे नात्याने ते काकाच. आज रस्त्यात त्यांनी मला नावाने हाक मारली. 'काय पेई, आई बरी आहे ना?' एवढंच. पण आवाजात जिव्हाळा होता. या माणसाच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी योजना आहे.

कोपऱ्यावर दुकान चालवणारी छिऊ आत्या त्यांची सख्खी बहीण. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, तो कुत्र्यालाही नावाने हाक मारतो. आत्याचा स्वभाव पहिल्यापासून तिरकस आहे.

२६ ऑक्टोबर
आज तुळई चढवण्याचं जेवण होतं. सिमेंटच्या घराला तुळई लागत नाही, पण मुहूर्त लागतोच. म्हणून लाल रंग दिलेलं एक लाकूड दोरीने वर नेलं, फटाके लावले, आणि मग लाकूड बाजूला ठेवून दिलं. मला मुख्य टेबलावर बसवलं. गावचे निवाडे करणाऱ्या थोरल्या आजोबांच्या शेजारी! खेकडा नीट खाल्ला. रुमालावर डाग पडू दिला नाही.

मग बाओकाका उभे राहिले. रस्त्यापलीकडे रोंगकाकांचं घर पाच मजली आहे, म्हणून यांना सहा करायचे आहेत. समोरच्याचं घर उंच असलं तर आपली भरभराट त्याच्या सावलीत मरते, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. पण ठरल्यापेक्षा मजला वाढवायचा तर पाठीमागच्या शेजाऱ्याने चार थोरांसमोर पेला उचलून हो म्हणायला हवं, ही रीत. काका म्हणाले, 'पेई आता घरातला कर्ता. त्याने हो म्हटल्याशिवाय मी एक वीट चढवणार नाही.'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. मी पेला उचलला.

नंतर काकांनी पाठीवर थाप मारून सांगितलं की मी गेल्यावर हे घर तुझ्याच भरवशावर. म्हणजे नेमणूक झाली.

संध्याकाळी
आईला सांगितलं. ती पिठाचे हात तसेच घेऊन अंगणात गेली आणि वर बघत उभी राहिली. मग म्हणाली, 'सूर्य तुझ्या बापाच्या नावावर होता का रे, असा वाटून टाकायला?'

आईला बांधकामातलं कळत नाही.

५ नोव्हेंबर
सावलीच्या प्रश्नाचा मी शास्त्रीय अभ्यास केला. वीट म्हणजे बंगला, काडेपेटी म्हणजे आमचं घर, बॅटरी म्हणजे सूर्य. बॅटरी नीट वर धरली तर काडेपेटीवर अजिबात सावली पडत नाही. खाली धरली तर पडते. म्हणून वरच धरायची. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, मग हिवाळाभर तूच वर जाऊन धर.

२१ नोव्हेंबर
सहावा मजला पुरा. दिसतो मात्र देखणा. सोनेरी कठडे, दारात दोन सिंह. आमच्या स्वयंपाकघरात मात्र गळतं आहे. दोन कौलं बदलायची आहेत, तर गवंडी मिळत नाही. सगळे बंगल्यांवर. शेजारगावचा एक म्हातारा गवंडी भेटला, तो म्हणाला, चार मजल्यांखालचं काम आता घेत नाही, हात बसत नाही. मी त्याचं कौतुक केलं. माणसाने कामात वरच चढत राहावं. गळतीखाली परात ठेवली आहे. गावाच्या प्रगतीत आपलीही थोडी तोशीस.

२३ नोव्हेंबर
यालानला बघायला गेलो. मुलगी हसरी. मिठागराच्या कचेरीत काम करते. मला बघून तिने चहात दोनदा साखर घातली, हे मी शुभ चिन्ह मानतो. तिच्या आईने पहिलाच प्रश्न टाकला, 'घर किती मजली?' आजकाल सगळ्या आया हेच विचारतात. पाच मजल्यांच्या आत मुलगी दिली तर लोक म्हणतात, मुलीत काही खोट असेल.

मी म्हणालो, मी सहा मजली घर बघतो.

तिने काय समजायचं ते समजून घेतलं. मी खोटं बोललेलो नाही. 'बघतो' हे क्रियापद बरोबर आहे. आमच्या अंगणातून दुसरं काही दिसतच नाही.

९ डिसेंबर
सूर्य बंगल्यामागून जातो. पूर्ण वेळ. दुपारी कोंबड्यांच्या खुराड्यावर थोडं ऊन येतं, तेवढंच. कोंबड्या खूश आहेत.

आज शेवया वाळल्याच नाहीत. वाळवणाच्या लाकडी घोड्यांवर नुसत्या लोंबत राहिल्या. संध्याकाळी आंबूस वास आला. आईने सगळा घाणा डुकरांसाठी देऊन टाकला. पहाटे अंधारात मळलेलं पीठ होतं ते. मला रागावली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

१२ डिसेंबर
उपाय पहिला. कपाटाचा आरसा काढून खुराड्याच्या उन्हात तिरपा धरला. उजेड शेवयांवर पडतो, पण बशीएवढाच. हात भरून आला. मांजर मात्र त्या बशीत येऊन झोपलं.

उपाय दुसरा, विजेचा पंखा. शेवया वाऱ्याने एकमेकींत अशा गुंतल्या की आईला कात्री आणावी लागली. शेवयांना कात्री लावणं म्हणजे आयुष्याला कात्री. आईने कापताना तोंड दुसरीकडे केलं होतं.

तिसरा उपाय विचाराधीन.

२० डिसेंबर
किल्ली मिळाली!

बाओकाका अर्जेंटिनाला परत गेले. रोज संध्याकाळी प्रत्येक मजल्यावर एक दिवा लावायचा आणि सकाळी बंद करायचा, म्हणजे घर भरलेलं वाटतं, ही माझी जबाबदारी. लिफ्ट आहे, पण अजून जोडलेली नाही. सोफे प्लास्टिकमध्ये, पलंग प्लास्टिकमध्ये, चौदा संडास, त्यांवरही प्लास्टिक. इथे कोण राहणार म्हणून आत्याला विचारलं. ती म्हणाली, कोणी नाही, हे असतं फक्त रोंगला दाखवायला. तूही एक खोली घे की आत्या, दुकानामागे किती अंधारात राहतेस, असं मी सुचवलं. तर म्हणते, 'मी कशाला? एका खोलीतून हाक मारली तर दुसऱ्या खोलीत परवापर्यंत पोहोचत नाही. या गावात आता माणसांपेक्षा संडास जास्त झाले.'

तरी मी तिसऱ्या मजल्यावरची पूर्वेची खोली यालानसाठी मनात ठरवून ठेवली आहे. काका नाही म्हणणार नाहीत. विचारलेलं नाही, पण म्हणणार नाहीत.

२९ डिसेंबर
रोंगकाकांनी आणखी दोन मजले चढवले. बाओकाकांच्या बंगल्यात आता खालून तीन मजले दिवसा अंधार. सोनेरी कठडे काळपट दिसतात. म्हणजे न्याय आहे. आम्हाला त्यांची सावली, त्यांना रोंगकाकांची. रोंगकाकांना कोणाची, ते पुढे कळेलच.

दिवे मालवायला वर गेलो आणि गच्चीचं दार उघडलं. ऊन. नुसतं ऊन. आणि वारा असा की टोपी उडाली. आपलं सगळं ऊन इथे वर येऊन बसलं आहे, हे माझ्या आधी कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

तिसरा उपाय सापडला.

३१ डिसेंबर
आई नाही म्हणते. दुसऱ्याच्या डोक्यावर वाळवण घालायचं नसतं म्हणते. मी सांगितलं, घर माझ्या भरवशावर आहे, तेव्हा भरवसा माझा, गच्ची काकांची, शेवया आपल्या. आपल्या चांद्र नवीन वर्षाचा सण दीड महिन्यावर आला. या दिवसांत शेवया गेल्या नाहीत तर पुढचं वर्षभर करायचं काय? शेवटचं वाक्य तिला पटलं. बाकीची मी उगाच बोललो.

४ जानेवारी
घोडे वर नेले. पिठाच्या परातीही. जिने संपता संपत नाहीत. आई प्रत्येक मजल्यावर गुडघा धरून बसत होती आणि प्लास्टिकमधल्या सोफ्यांकडे बघत होती. एकावरही बसली नाही, जिन्यावरच बसली.

पण वर! शेवया ओढायला घेतल्या आणि आईचे हात पूर्वीसारखे चालायला लागले. वरची काठी मी धरायची, खालची तिने खेचायची, पाऊल मागे, पाऊल मागे, आणि धागे लांबत जातात, तुटत नाहीत. दुपारच्या आत खडखडीत वाळल्या. आईने एक धागा तोडून कानाशी नेला. वाळलेल्या शेवईचा आवाज तिला कळतो.

मग ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. समोर समुद्र. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, 'अजून इथंच आहे होय हा.' ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या दारातून समुद्र दिसायचा म्हणतात. मग घरं वाढत गेली.

माझ्या निर्णयामुळे आईला समुद्र दिसला, याची इथे नोंद करून ठेवतो.

१० जानेवारी
धंदा जोरात. मी आणखी एक सुधारणा केली. वारा कठड्याजवळ जास्त, म्हणून सगळे घोडे रस्त्याच्या बाजूला कठड्याला लावून मांडले, आणि शेवया कठड्याबाहेर सोडल्या. खाली उतरून रस्त्यावरून बघितलं. काय दिसतं ते! सहाव्या मजल्यावरून पांढरेशुभ्र पडदे वाऱ्यावर हलताहेत, घरभर. एवढं दीर्घायुष्य एकाच घरावर लटकलेलं या गावाने कधी पाहिलं नसेल. बाओकाकांना फोटो पाठवणार होतो, पण म्हटलं, त्यांना येऊ देत, मग आश्चर्याचा धक्का देऊ.

यालानच्या आईला मात्र फोन केला. रस्त्याने जाल तेव्हा मान वर करून बघा म्हटलं. यालानलाही कळवलं, वरून समुद्र दिसतो.

१२ जानेवारी
लोकांची दृष्टी बदलते आहे. गाड्या बंगल्यासमोर हळू होतात. दोन जण उतरून हात जोडून गेले. रोंगकाकांनी स्वतः रस्त्यापलीकडून टोपी काढली, इतक्या वर्षांचं वैर असून! मीही मान लववली. त्यांनी विचारलं, शांतपणे झालं ना? मी म्हणालो, अगदी शांतपणे, दुपारच्या आतच होतं रोज. ते माझ्याकडे विचित्र बघत निघून गेले.

कोणीतरी सिंहांपुढे उदबत्त्या लावून ठेवल्या होत्या. मी राख झाडून घेतली. घराची स्वच्छता माझ्याकडे आहे.

१३ जानेवारी
काहीही झालं तरी शुद्ध लिहितो.

घरावर पांढरं कापड सोडतात ते घरात कोणी वारलं की. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. मला ते शेवयांवरून सुचलं नाही, कारण शेवया मला शेवयाच दिसतात.

गावच्या ग्रुपवर फोटो फिरला. नवीन बंगला, सणाच्या तोंडावर, वरपासून पांढरा. अर्जेंटिनात फोनावर फोन. बाओकाकांची आई ऐंशीच्या पुढची, तिकडेच असते. एक फोन नेमका तिनेच उचलला. पलीकडून कोणा भाच्याने रडत रडत तिच्याच जाण्याबद्दल तिचंच सांत्वन केलं. म्हातारीने विचारलं म्हणे, मी गेले कधी? तेव्हापासून ती जेवत नाही. बोलावणं आलंय, तुम्ही लपवताय, असं म्हणते.

बाओकाकांचा फोन आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी खुलासा सुरू केला, ऊन, वारा, बॅटरी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'पेई, किल्ली रोंगकडे दे.'

रोंगकाकांकडे. स्वतःच्या वैऱ्याकडे. माझ्यापेक्षा.

१४ जानेवारी
यालानच्या आईने निरोप पाठवला की सुतक असलेल्या घरात मुलगी देता येणार नाही. दुपारी तिला कळलं की सुतक नाही. संध्याकाळी कळलं की घरही नाही. यालानने स्वतः एक मेसेज पाठवला. 'तुम्ही समुद्र दिसतो म्हणाला होतात, तेवढं तरी खरं आहे का?' मी अजून उत्तर लिहितो आहे. तीन खर्डे झाले.

घोडे खाली आणले. आई उतरताना कुठे बसली नाही.

१९ जानेवारी
थोरल्या आजोबांसमोर निवाडा झाला. रीतीप्रमाणे मान्य. बंगल्याच्या दाराला लाल कापड बांधायचं, फटाके लावायचे, आणि काकांची बहीण म्हणून छिऊ आत्याच्या हातात म्हातारीच्या नावाने शेवया आणि अंडी द्यायची. म्हणजे अशुभ धुतलं जातं. हे सगळं फोनवर म्हातारीला दाखवायचं, मग ती जेवेल. शेवया अखंड हव्यात. एकही धागा तुटलेला चालणार नाही, तिच्या बाबतीत तर नाहीच.

मी म्हणालो, त्यात काय, शेवया तर आमच्या घरच्याच. आईने माझ्याकडे बघितलं.

२२ जानेवारी
गच्चीवर वाळवलेल्या शेवया विकून संपल्या, आणि अंगणात ऊन नाही. परवापासून धुकंही आहे. स्वयंपाकघरात चुलीजवळ ओढून बघितल्या. जागा बुटकी, पाऊल मागे घ्यायला भिंत आडवी येते. धागे अर्धे ओले राहिले, अर्धे कडक होऊन तुटले. आईने पुन्हा केल्या. पुन्हा तुटल्या. रोंगकाकांकडे जाऊन फक्त एका दुपारपुरती गच्ची मागितली. ते म्हणाले, माझ्या हातात फक्त किल्ली आहे पोरा, गच्ची बाओची. हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं.

२५ जानेवारी
बसने शहरात गेलो. मोठ्या दुकानात शेवयांचा एक अख्खा कप्पा आहे. पाकिटावर 'हाताने ओढलेल्या' असं छापलं होतं, एकही चूक नाही. सगळे धागे एकसारखे. आणून आईसमोर ठेवलं. तिने पाकीट फोडलं, शेवया आपल्या पद्धतीने वळल्या, वर लाल दोरा बांधला. हात तसेच चालले.

२६ जानेवारी
कार्यक्रम नीट पार पडला. फटाके वाजले. फोनवर म्हातारीने शेवया बघितल्या, हसली, तिकडे तिलाही वाटीभर दिल्या, तिने खाल्ल्या.

इकडे थोरल्या आजोबांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'वेंगांच्या पोरांनी तिकडे कितीही बंगले बांधू देत. या घरची चव अजून तीच आहे.'

सगळ्यांनी माना डोलावल्या. छिऊ आत्याने घास तोंडात धरला, आईकडे बघितलं आणि गिळला. आत्या काही बोलली नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं.

आई म्हणाली, गोड मानून घ्या.

घरी येताना ती म्हणाली, 'बरं झालं. आता पहाटे उठायला नको.'

२७ जानेवारी, सकाळी
आई उठली होतीच. अंगणात पाटावर बसली होती, हात मांडीवर. काय करतेस म्हणून विचारलं. म्हणाली, काही नाही, ऊन येतं का बघते.

दुपारी
आलं नाही.